सहा महिन्यांनी परत यायचं

“फॉर्मवरचे प्रश्न फॉर्मसारखेच विचारायचे. आवाजात माया आणायची नाही,” असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावणाऱ्या होत्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई. एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला लावून लावून त्यांचा एक डोळा कायमचा बारीक झालेला. त्यामुळे त्या साधं ‘चहा घेतेस का’ म्हणाल्या तरी आपल्यावर कसला तरी संशय घेताहेत असं वाटायचं.

“आणली तर काय होतं?” मी विचारलं.

“माणसं चिकटतात.”

“मग बरंच की. आपल्याला ती परत यायलाच हवी असतात ना?”

बाईंनी डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. मला वाटलं, पहिल्याच दिवशी बाजी मारली. माझी मुलगी ठकी तेव्हा दहा महिन्यांची होती. दिवसभर तिच्याशी बोलून माझा आवाजच तसा होऊन बसला होता. बसच्या वाहकालासुद्धा मी ‘पुढच्या थांब्याला सोडता ना हो?’ असं लाडीगोडी लावून विचारायचे. तो आवाज काय आता घरी खुंटीला टांगून यायचा?

आमची वीर्यपेढी तिसऱ्या मजल्यावर होती. खाली दाताचा दवाखाना, वर विमा कंपनी. दारावर पाटी नुसती ‘तपासणी केंद्र’ अशी. पहिल्यांदा येणारे बरेच जण आधी दाताच्या दवाखान्यात जाऊन बसायचे, गालाला हात लावून. तिथली मुलगी आता चेहऱ्यावरून ओळखायची आणि बोटानेच वर दाखवायची. वर आले की माझ्या टेबलापाशी उभे राहून आवाज खाली. “ते... दान... ते इथेच का?” मोठ्या बाई म्हणायच्या, “इथे येणारा प्रत्येक जण चपला हातात घेतल्यासारखा चालतो.”

काम तसं सरळ होतं. माणूस आला की आधी बोलणं. वय, उंची, शिक्षण, घरात कुणाला कसला आनुवंशिक आजार. मग एक नमुना, नुसता तपासण्यापुरता. बाई त्यातले शुक्राणू मोजायच्या, ते किती चपळ आहेत ते बघायच्या, थोडे गोठवून आणि पुन्हा वितळवून किती तग धरतात तेही बघायच्या. दहा जणांतले आठ इथेच गळायचे. उरलेल्यांचं रक्त तपासायचं. त्यातूनही जो पार पडला तो दाता. मग ठरलेल्या दिवशी, आधी तीन दिवसांचं पथ्य पाळून, त्याने यायचं. कोपऱ्यातल्या खोलीत जायचं. डबी खिडकीतून बाईंकडे द्यायची. बाई त्यात गोठणं सोसायला मदत करणारं द्रव मिसळून छोट्या कुप्या भरायच्या आणि त्या कुप्या उणे एकशे शहाण्णव अंशाच्या टाकीत उतरायच्या. आमच्याकडे अशा वीस फेऱ्या, मग दान संपलं.

पण काम संपत नाही. काही आजार रक्तात उशिरा दिसतात. म्हणून सगळ्या कुप्या सहा महिने कुलूपबंद ठेवायच्या. सहा महिन्यांनी दात्याने परत यायचं, फक्त रक्त द्यायला. ते निर्दोष निघालं तरच कुप्या वाट बघणाऱ्या जोडप्यांसाठी मोकळ्या होतात. तो आलाच नाही तर आठ महिने पुरे झाले की सगळ्या टाकून द्यायच्या. मूल झालं की नाही, किती झाली, कुणाकडे झाली, हे दात्याला कधी कळत नाही. दाता कोण हे त्या घरांना कळत नाही. मधली सगळी गाठ एका नंबरात. नाव-पत्त्याचं कपाट डॉक्टरांच्या खोलीत, किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. माझ्या टेबलावर नुसता नंबर, फोन आणि प्रश्नांचा फॉर्म.

ज्या दात्याबद्दल सांगायचंय त्याचा नंबर मी इथे लिहिणार नाही. आम्ही दोघी त्याला ‘साडेनऊ’ म्हणायचो, कारण त्याला दहाची वेळ दिली की तो साडेनऊला हजर. “आले का गं तुझे साडेनऊ?” बाई आतून ओरडायच्या.

पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने किरकोळ, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावलेली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम करायचा. पुढे गिऱ्हाईक फ्रेमा लावून आरशात बघतं, मागे हा पाण्याच्या धारेखाली काच धरून बसलेला. दुसऱ्याच फेरीला माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, तुमचा चष्मा डाव्या बाजूला उतरलाय. जग तिरकं दिसत नाही का?”

“मुलगी ओढते हो. आता मला तिरकंच बरोबर वाटतं.”

“द्या इकडे.” खिशातून पेनाएवढा पेचकस काढून त्याने दोन मिनिटांत दांडी सरळ केली. घातल्यावर मला खरंच गरगरलं. “दोन दिवस त्रास होईल,” तो म्हणाला, “सरळची सवय व्हायला वेळ लागतो.”

प्रत्येक फेरीला नमुना घेण्याआधी अठरा प्रश्न विचारायचे असत. इतर जण त्यांवर ‘नाही, नाही, हो, नाही’ करत अर्ध्या मिनिटात सुटायचे. हा गडी प्रत्येक प्रश्नाला बसकण मारायचा.

“गेल्या पंधरवड्यात ताप?”

“ताप असा नाही. मंगळवारी कणकण होती. पण खिडकी उघडी राहिली होती तिचा दोष असेल. ती खिडकी लागतच नाही, लाकूड फुगलंय.”

मी ‘नाही’वर खूण करायचे.

“झोप नीट लागते?”

“वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं हो. रोज, बरोबर पाच वाजता. आधी राग यायचा. आता नाही ओढली तर जाग येते, काय झालं असेल म्हणून.”

‘हो’वर खूण.

“जवळच्या कुणाला संसर्गाचा आजार?”

इथे तो नेहमी अडायचा. “जवळचं कोण धरायचं, ताई? मालक शिंकत होते. पण ते पुढे बसतात, मी मागे. मध्ये दार आहे.”

आतून बाई खोकायच्या. तो खोकला माझ्यासाठी असायचा. पण मी पेन खाली ठेवून ऐकायचे. खरं सांगायचं तर मलाही ते हवं असायचं. माझा नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत. सहा आठवड्यांतून चार दिवस घरी. सकाळी ठकीला पाळणाघराच्या मावशींकडे सोडायची, संध्याकाळी आणायची. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायचं, श्वास येतोय ना म्हणून. अशा दिवसात मोठ्या माणसाशी माझं सगळ्यात लांब बोलणं व्हायचं ते हेच, अठरा प्रश्नांचं. नवऱ्याचा फोन तीन वाक्यांचा. “जेवलीस? ठकी जेवली? ठेवतो, साहेब आलेत.”

एकदा मीच फॉर्माबाहेरचं विचारलं. “दान करावंसं का वाटलं तुम्हाला?”

त्याने जरा विचार केला. “मी घासलेल्या काचा हजारो लोक घालून फिरतात. रस्त्यात समोरून येतात, मला ओळखत नाहीत. बरं वाटतं. तसंच हे.” मग ओशाळून म्हणाला, “आणि इथे यायला आवडतं.”

विसाव्या फेरीला तो आला तेव्हा माझा फोन वाजत होता. पाळणाघराच्या मावशी. ठकीला ताप, उलटी झाली, लगेच या. मी उभ्याउभ्याच अठरा प्रश्न उरकले. त्यानेही त्या दिवशी नुसतं ‘हो-नाही’ केलं, माझी घाई बघून. डबी देऊन तो परत टेबलापाशी आला. मी पिशवीत किल्ल्या कोंबत होते.

“मग आता सहा महिन्यांनीच?”

“हो. आम्हीच फोन करू.”

“मधे एखादी चक्कर टाकली तर चालेल? नुसतंच. ताप वगैरे सांगायला.”

“छे हो, काही गरज नाही. आता तुमचं सगळं झालंय,” मी म्हणाले आणि जिन्याकडे धावले.

ठकीला साधी सर्दी होती. दोन दिवसांत खेळायला लागली.

सहा महिन्यांनी मी फोन केला. फोन करायचेही नियम आहेत. एकूण तीनदाच करायचा. आपण कुठून बोलतोय हे तो स्वतः फोनवर आहे याची खात्री झाल्याशिवाय सांगायचं नाही. निरोप ठेवायचा नाही, घरी जायचं नाही. पहिल्या वेळी घंटा वाजत राहिली. पंधरा दिवसांनी, फोन बंद. सातव्या महिन्यात तिसरा आणि शेवटचा, तोही बंद.

“विसरला असेल,” बाई म्हणाल्या.

“दहाच्या ऐवजी साडेनऊला येणारा माणूस विसरेल?”

“लग्न ठरलं असेल. ठरलं की पळतात. बायकोला काय सांगणार?”

“बाई, त्याला जवळचं माणूस मोजायला एक बोट लागत नव्हतं.”

बाईंनी बारीक डोळा आणखी बारीक केला आणि आत गेल्या.

मी त्याची फाईल काढली. अगदी पहिल्या फॉर्मवर शेवटून दुसरी ओळ असते: तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. तिथे नाव न लिहिता फक्त फोन लिहायचा. त्याने लिहिला होता. शेजारी माझी बरोबरची खूण. जागा भरली आहे ना, एवढंच मी तेव्हा बघितलं होतं. हा नंबर वैद्यकीय कारणाशिवाय फिरवायचा नाही असा नियम. मी इकडेतिकडे बघितलं, माझा मोबाईल काढला आणि एकेक आकडा बघत फिरवला.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी मोबाईल कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने तो उचलला. “तपासणी केंद्र,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज माझ्या दुसऱ्या कानात आला. स्वतःच्या टेबलावरच्या फोनचा नंबर माणूस कधी स्वतः फिरवत नाही. मला तो पाठही नव्हता. त्याला होता.

बाई दारात उभ्या होत्या. मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. “दहा तारखेला आठ महिने पुरे होतात,” म्हणाल्या. “कुप्या जातील. मग फाईल बंद.”

“आणि तो?”

“फाईल बंद म्हणजे बंद गं, पोरी. मग फोन करायला आपल्याकडे निमित्त नाही.”

मला ते तेव्हा नीट कळलं. दहा तारखेपर्यंत या एवढ्या जगात त्याची चौकशी करणं हे निदान एका माणसाचं काम होतं, माझं. अकरा तारखेपासून कुणाचंच नाही.

डॉक्टरांकडे गेले. कपाट उघडून पत्ता द्या म्हणाले. “उद्या तुमच्या दारात असंच कुणी आमच्याकडून चौकशीला आलं तर?” त्या म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. तो कुणाला सांगून इथे येत नव्हता. एकटा असला तरी ते त्याचं गुपित होतं.

चष्म्याची दुकानं मात्र कुणाच्या गुपितात मोडत नाहीत. तीन आठवडे उरले होते. रविवारी मी ठकीला ढकलगाडीत घातलं आणि सुरुवात केली. आत जायचं, फ्रेमा बघायच्या, आणि सहज विचारायचं, “काचा तुमच्याकडेच घासता की बाहेरून?” बहुतेकांच्या बाहेरून यायच्या. एकाने मला वाचायचा चष्मा लागलाय असं पटवलंच. एका दुकानात ठकीने फ्रेमांचं अख्खं खोकं पालथं केलं आणि आम्हाला मानाने बाहेर काढण्यात आलं.

नवऱ्याला फोनवर दुकानं ऐकू आली. “परत चष्मा? डोळे दोनच आहेत ना तुला?”

“एक चांगला मिळत नाहीये.”

“काय झालंय तुला? आवाज कसा येतोय?”

सांगावंसं वाटलं. सगळं ओठांवर आलं होतं. पण दात्याबद्दल घरी बोलायचं नाही असं मी लिहून दिलं होतं, आणि तिकडे साहेब आले होते.

अकरावं दुकान एका औषधांच्या दुकानाशेजारी होतं. अरुंद, पुढे काचेचं कपाट, मागे दार. मालक आरामात बसले होते, पोट टेबलाला टेकवून.

“काचा आमच्याकडेच व्हायच्या,” ते म्हणाले. “आता बाहेरून मागवतो. आमचा माणूस गेला.”

“गेला?” माझ्या हातातली फ्रेम खाली पडली.

“अहो, जिवंत आहे! म्हणजे असेल. काम सोडून गेला. झाले तीनेक महिने. दुसऱ्या गावी काम बघितलंय म्हणाला. असंच चष्म्याचं.”

“कोणत्या गावी?”

“ते काही विचारलं नाही बुवा.” त्यांनी फ्रेम उचलून फडक्याने पुसली. “हात काय होता त्याचा! पण बोलणं म्हणाल तर... तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागायची. सात वर्षांत आमच्यात शंभर वाक्यं झाली असतील. आम्ही मुका म्हणायचो. गमतीने.”

मला आधी वाटलं, हा वेगळाच कुणी असणार. मग ते म्हणाले, “नेहमी वेळेआधी हजर. शटर उघडायच्या आधी पायरीवर.”

“जाताना बरे होते का?”

“वाळला होता. शेवटचे दोन-तीन महिने डबा तसाच परत न्यायचा. काचा दोनदा उलट्या घासल्या, सात वर्षांत पहिल्यांदा. मी ओरडलो. नसतो ओरडलो तर बरं झालं असतं.” त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. “आधी महिन्यातून चार-पाच वेळा सकाळची सुट्टी घ्यायचा, कुठे जायचा देव जाणे. परत आला की बरा असायचा. ते बंद झालं आणि हे सुरू झालं. आमची ही म्हणायची, प्रेमप्रकरण असणार, मोडलं असणार.”

मी मागच्या दाराकडे बघत होते. ते किलकिलं होतं. आत एक स्टूल, नळ, आणि भिंतीला टेकवलेलं घासायचं चाक, झाकून ठेवलेलं. खिडकी नव्हती.

“तुम्ही कोण त्याच्या?”

मी तोंड उघडलं. केंद्राचं नाव काढायचं नव्हतं. ओळखीची म्हणावं तर कुठली ओळख? त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. “बहीण,” मी म्हणाले. ताई म्हणायचाच की तो.

मालकांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग ढकलगाडीतल्या ठकीकडे. “सख्खी?”

“...हो.”

“आणि तुम्ही मला विचारताय तो कुठे आहे?”

ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच मला तिथे उभं राहवलं नाही.

दहा तारखेला बाईंनी टाकीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. कुप्या टाकून देताना दोघींच्या सह्या लागतात. बाईंनी कुप्या ठेवलेली नळी वर ओढली, नंबर वाचला, मी कागदावरचा नंबर वाचला, जुळले. ट्रेमध्ये ओतल्यावर कुप्या क्षणभर खडखडल्या. मग त्यांच्यावरचं दव पाणी होऊन ओघळलं. चाळीस कुप्या. त्यातून कुणाकडे तरी एखादी ठकी झाली असती, जिच्या नाकाशी कुणीतरी बोट धरून बसलं असतं.

“सही कर,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. मी केली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

बंद झालेल्या फाईलचा नियम असा की तिच्याबद्दल आम्ही कुणाशी संपर्क साधायचा नाही. नाव मला माहीत नाही, गाव मला माहीत नाही, आणि फोन बंद आहे. तो आजारी आहे का, त्याचं मन खचलंय का, की नव्या जागी अगदी मजेत आहे, हेही माहीत नाही. मजेत असेल तर माझ्या आनंदाला पारावार राहणार नाही. पण उलटी घासलेली काच मला रोज आठवते.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. चष्मा तुम्हालाही कधी ना कधी लागेल. तुमच्या गावातल्या दुकानात काचा मागच्या खोलीत होत असतील आणि गेल्या काही महिन्यांत तिथे नवा माणूस लागला असेल, किरकोळ अंगाचा, वरपर्यंत बटणं लावणारा, बोलत नाही असा, तर मालकांना म्हणा, काचेबद्दल काचा घासणाऱ्याशीच बोलायचंय. दार उघडायला लावा. कुठून आलात, कुणी सांगितलं, काही बोलू नका. इकडचा विषय तर मुळीच नको. त्याने डबा खाल्लाय का तेवढं बघा. चौकशी करा, आणि पेन, फोन, पिशवी, जे हातात असेल ते खाली ठेवून करा. पहिल्या दिवशी तो बहुतेक काहीच बोलणार नाही. मग महिन्याभराने, चष्मा ठीक असला तरी, पुन्हा जा.